दोन आयांचं घर

उज्ज्वलाताई. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. मूळच्या सिन्नरच्या, नाशकात सासर, नवरा इथे सौदीत, औद्योगिक भागात केमिकलच्या कारखान्यात इंजिनीअर. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते करताना त्यांच्या दोन्ही हातांना कणीक लागलेली होती, आणि त्यांच्या तोंडून एक शब्दही बाहेर पडला नव्हता. तरीही ते केलं त्यांनीच. माझ्याकडून ते झालं नसतं. हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात. शरमेनं माणसाचे कान आधी तापतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी आसिफशी लग्न करून सौदीतल्या या किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत आले तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोराएवढंच माझं वय होतं, फक्त मी बाईमाणूस आणि अंगावर नवा अबाया. आसिफ बंदरात क्रेनवर. शिफ्ट कधी सकाळची, कधी संध्याकाळची. तो गेला की घरात मी, एसीचा आवाज आणि खिडकीबाहेर रुंद, चकचकीत, रिकामा रस्ता. एवढे रुंद रस्ते आणि एवढी कमी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती. समुद्र जवळ होता, पण त्याला वास नव्हता. आमच्या रायगडच्या खाडीला वास आहे, चिखलाचा, सुकत घातलेल्या कोलीमचा म्हणजे बारीक कोळंबीचा, कुजलेल्या दोराचा. इथला समुद्र धुऊन ठेवल्यासारखा. मी खिडकीत उभी राहून नाक लावायची आणि वास आला नाही की मला रडू यायचं. आसिफला वाटायचं, मला घरची आठवण येते. यायचीच. पण मी घरच्या आठवणीला भ्यायचेही, ते त्याला ठाऊक नव्हतं.

आमचं घर म्हणजे खाडीच्या काठी, अर्धं अब्बांच्या वाटणीचं, अर्धं यूसुफचाचांचं, मधे एक भिंत. अब्बा मला आठवत नाहीत. मी रांगत होते तेव्हा ते गेले. नंतर कधीतरी शमीमखाला आमच्याकडे आली. ती कुणाचीच कुणी नव्हती. पलीकडच्या गावची, नवऱ्यानं सोडलेली, कडेवर तिचा पोरगा इम्तू. अम्मा आणि ती मच्छी सुकवायच्या कामाला एकाच अंगणात जायच्या. आधी ती दुपारची भाकरी खायला यायची, मग पावसाळाभर राहिली, मग तिची ट्रंक आली. पुढे अम्माच्या मयत बहिणीची सलमा आमच्याकडे आली. अशी तीन पोरं, तीन ठिकाणची, आणि दोन बाया. पैसे एका डब्यात, भांडणं एका चुलीपाशी. अम्मा बोलायची कमी आणि हात चालवायची. शमीमखाला बोलायची जास्त आणि तिच्या हातून भाकरी हमखास करपायची. ‘तुझी भाकर म्हणजे दुश्मनाच्या तोंडात घालायची चीज,’ अम्मा म्हणायची. ‘मग तूच खा, तू काय कमी दुश्मन हायस?’ खाला म्हणायची. मग दोघी हसायच्या. ईदेला सांदणं व्हायची, ती मात्र खालाच्या हातची. पीठ कसं आंबवायचं ते तिनं अम्माला कधी नीट सांगितलं नाही. ‘सांगितला तर मना घरात ठेवशील कशाला?’

त्या घराची एक गोष्ट मी तेव्हा रोज बघत होते आणि तिला काही अर्थ आहे असं मला वाटत नव्हतं. संध्याकाळी पोरांना चहा दिला की अम्मा स्वतःसाठी एक कप ओतायची. अर्धा प्यायची. उरलेला कप न बघता बाजूला करायची आणि शमीमखाला तोही न बघता उचलायची. कधी कप बाजूला सरकला आणि हात तिथे आला नाही, असं झालं नाही. घरात कप पुष्कळ होते.

आठवीत असताना हायस्कूलमध्ये माझ्या बाकावर बसणारी एक मुलगी होती. नाव लिहीत नाही, तीही आता कुणाची आई असेल. तिनं एकदा डबा खाताना सगळ्यांसमोर विचारलं, ‘जुबी, तुझ्या घरात दोन आया. मग त्यातला बाप कोण?’ मुली हसल्या. मला प्रश्न समजलाही नाही. समजला नाही म्हणून मीही हसले. दुसऱ्या दिवशी तिनं परत विचारलं, आणि या वेळी त्यांच्या हसण्यावरून समजला. समजला म्हणजे काय, एवढंच कळलं, की आमच्या घरात काहीतरी आहे आणि ते सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त मला नाही. त्या वर्षाच्या शेवटी मी शाळा सोडली. घरी सांगितलं, गणित जमत नाही. गणित मला जमत होतं. अम्मानं ऐकून हातातलं काम पुढे चालवलं. शमीमखालानं मात्र माझं दप्तर उचललं, मला ओढत फाटकापर्यंत नेलं आणि म्हणाली, ‘गणिताच्या आयचा घो! मी रोज तुझ्यासंगती शाळेपर्यंत चालत येन. मग तर जाशील?’ तिला काय ठाऊक, तीच माझ्यासोबत शाळेच्या फाटकाशी दिसू नये म्हणून तर मी शाळा सोडत होते. मी फाटकाचा खांब धरून बसले. ती दमली आणि दप्तर तिथेच ठेवून आत गेली.

लग्नाच्या बोलणीच्या वेळी आसिफच्या आईनं विचारलं होतं, ‘ही कोण?’ कुणी उत्तर द्यायच्या आत मीच पटकन म्हणाले, ‘माझी खाला. अम्माची सख्खी बहीण.’ मुलीनं मधे बोलायचं नसतं, तरी बोलले. अम्मानं माझ्याकडे बघितलं. शमीमखालानं ताटलीतला लाडू उचलून आसिफच्या आईच्या हातात दिला आणि म्हणाली, ‘सख्खीच. तोंडावरून समजत नाय काय?’ दोघींच्या तोंडात काही साम्य नव्हतं. माझ्यासाठी ती खोटं बोलली आणि वर हसली.

तर अशी मी, ते खोटं घेऊन समुद्रापार आलेली. उज्ज्वलाताईंशी ओळख झाली ती क्लिनिकमध्ये. मला डॉक्टरांना काहीच सांगता येत नव्हतं, त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘मराठी बोलतेस? अगं, मग आधी बोलायचं ना! मी तुझ्याशी इतका वेळ हिंदीत झटापट करतेय.’ त्यांनी दुसऱ्या दिवसापासून मला खाली बोलवायला सुरुवात केली. म्हणाल्या, ‘इंग्रजी शिकशील, आणि मला पोळ्यांना सोबत होईल.’ शिकवायची त्यांची पद्धत अशी, की त्यांची मुलगी सई शाळेतून आली, की तिच्या लॅपटॉपवर एक अमेरिकन मालिका लावायची. खाली इंग्रजी अक्षरं. त्यातली वाक्यं पोळ्या लाटता लाटता मोठ्यानं म्हणायची. सई नववीत होती, आईशी इंग्रजीतच बोलायची. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘आई, नॉट धिस वन. शी विल बी सो शॉक्ड.’ उज्ज्वलाताई म्हणाल्या, ‘जग आहे ते. मी नाही का झाले शॉक? झाले, मग परत लावली.’

मालिकेत एक घर होतं. लाकडी, वर लाल कौलं, आत सतत गोंधळ. त्या घरात हेलन आणि रीटा या दोन बायका होत्या, एकमेकींशी लग्न केलेल्या. हेलन ॲम्ब्युलन्स चालवायची. रीटा लोकांचे लग्नाचे झगे दुरुस्त करून द्यायची. हेलनला तिच्या आधीच्या नवऱ्यापासून झालेला एक मुलगा, रीटाची एक मुलगी, दोघींनी दत्तक घेतलेले दोन भाऊ, आणि शेवटी अनाथालयातून आलेली एक मुलगी, जी उशीखाली पाव लपवून ठेवायची. हेलनचा आधीचा नवरा अधूनमधून जेवायला यायचा आणि गळका नळ दुरुस्त करून जायचा. पोरं भांडायची ती मुख्यतः न्हाणीघरावरून. पहिले काही भाग मी खाली मान घालून पोळ्या लाटल्या. बेल वाजली की सई लॅपटॉप मिटायची, आणि त्या वेळी सईपेक्षा माझीच छाती जास्त धडधडायची. माझ्या घरात चोरी सापडल्यासारखी.

मला ती मालिका आवडायची आणि आवडते याची लाज वाटायची. मनात मी त्यांना नावं ठेवायची. नमाजानंतर तौबा करायची. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला खाली हजर. हात धुऊन पोळपाटासमोर.

एके दिवशी काही विशेष घडत नव्हतं, पोरं शाळेत गेलेली, सकाळची वेळ. हेलन कामावरून आलेली, थकलेली. ती अर्धा कप कॉफी प्यायली आणि कप टेबलावर बाजूला सरकवला. रीटा टाके घालत होती. तिनं मान वर न करता हात लांब केला, कप घेतला आणि उरलेली कॉफी प्यायली.

लाटणं माझ्या हातातून सुटलं. सईनं मालिका थांबवली. उज्ज्वलाताई म्हणाल्या, ‘रडतेस कशाला? या भागात अजून कुणी मेलंही नाही.’ मग माझ्या तोंडून निघालं, ‘आमच्या घरी पण असंच होतं.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे अम्मा आणि शमीमखाला. चहा.’

उज्ज्वलाताईंनी तव्यावरची पोळी उलटली. सईकडे एकदा पाहिलं, सई कानात वायर घालून आत गेली. मग त्या म्हणाल्या, ‘दोन बायका आणि एक कप.’

‘हो.’

‘बरं. लाटणं उचल. पोळी वाळते.’

मला वाटलं होतं त्या काही विचारतील. माझ्यापासून थोड्या सरकून बसतील. त्यांनी मला जास्तीची एक पोळी वाढली, वर तूप. त्या दिवशी मला पहिल्यांदा लक्षात आलं, की जी गोष्ट मी शाळा सोडून, समुद्र ओलांडून, खोटं बोलून झाकली होती, ती एका बाईनं पोळी उलटण्याच्या वेळात ऐकून घेतली. आणि त्या दिवशी मला जास्तच लाज वाटली. आधी अम्मा-खालाची वाटायची. आता माझी वाटू लागली. दोन्ही एकदम वाटायला लागल्या की माणसाला कुठे तोंड फिरवावं ते सुचत नाही.

(माझी मुलगी आता इथल्या इंडियन शाळेत जाते. मी हे लिहीत बसले की वाकून बघते आणि म्हणते, ‘मम्मी, व्हॉट आर यू रायटिंग?’ मी म्हणते, खालानानीबद्दल. तिला खालानानी माहीत आहे, फोनवर ती तिला कोकणी गाणी म्हणून दाखवते. मुलगी म्हणते, ‘शी इज फनी.’ फनी तर आहेच.)

मालिकेत पुढे रीटाला हॉस्पिटलात ठेवलं, असा एक भाग आला. दाराशी बसलेला माणूस हेलनला आत सोडेना. म्हणाला, फक्त नात्यातले, असलं लग्न आम्ही नात्यात धरत नाही. तेव्हा हेलनचा मुलगा पुढे येऊन म्हणतो, ‘शी इज माय मदर. दे बोथ आर.’ उज्ज्वलाताईंनी ते वाक्य मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ‘बोथ’मधला ‘थ’ मला जमत नव्हता. ‘जीभ दातात धर. कुणी चोरून नेत नाही तुझी जीभ.’ मी म्हणत राहिले. तेव्हा मला ते इंग्रजीचं वाक्य होतं, बाकी काही नाही.

मग अम्मा आजारी पडली. छातीत दुखलं, गावातून रिक्षा, तिथून ॲम्ब्युलन्स, शहरातलं मोठं खाजगी हॉस्पिटल. आयसीयू. शमीमखाला सोबत होती आणि सलमा. इम्तू कतारला, त्याला सुट्टी मिळेना. मला जाता येईना, कारण आसिफचा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नूतनीकरणाला अडकला होता आणि तो झाल्याशिवाय देशाबाहेर पडायची परवानगी निघत नव्हती. आसिफ रोज कंपनीच्या माणसाला फोन करायचा, तो म्हणायचा ‘बुक्रा, इन्शाल्ला.’ उद्या. मी दिवसभर खाली उज्ज्वलाताईंकडे बसायची, फोन मांडीवर. त्या मालिका लावत नव्हत्या. कणीक मात्र मळायच्या, कारण जेवायला तर लागतंच.

असाच फोन आला, सलमाचा. ती रडत होती. ‘आपा, खालाना बाहेर काढलाय. यूसुफचाचा आलाय. त्यानं काउंटरवर सांगितला, ही आमची कोण नाय, शेजारीण हाय. आत बसायचा पास तिच्याकडून काढून घेतला. ती कँटीनच्या पायरीवर बसलीय, काय खात नाय. आणि आत अम्मा तिचाच नाव घेतेय. सिस्टर बोलली, एकच माणूस बसेल, आणि कोण बसेल ते पेशंटच्या लेकीनं सांगायचा. तुना व्हिडिओ कॉल लावतील. आपा, तू सांग हां. तू सांगशील ना?’

मी हो म्हणाले. फोन ठेवला. तेवढ्यात दारावर आसिफ. कामाच्या कपड्यांत, डोक्यावरचं हेल्मेट हातात. यूसुफचाचांनी त्यालाही फोन केला होता. तो उज्ज्वलाताईंसमोर अवघडला, पण थांबला नाही. म्हणाला, ‘जुबी, चाचा बोलतात ती बाई तुमच्या नात्यातली नायच. ती तुझी सख्खी खाला ना? तू तर आम्हाला तसाच सांगितलास. चाचा बोलतात, कसली सख्खी, गावाला विचार. काय विचारू मी गावाला?’

मी मान खाली घातली. तेच कान, तीच आठवीची वेळ. उज्ज्वलाताई म्हणाल्या, ‘आसिफ, बसा. पाणी घ्या.’ तो बसला नाही. आणि फोन वाजला.

पडद्यावर मास्क लावलेली सिस्टर. केरळची असावी, बोलण्यावरून. तिच्या खांद्यामागे यूसुफचाचा, टोपी, दाढी, ओळखीचा चेहरा, ज्या चेहऱ्यासमोर मी लहानपणी अंगणातून आत पळायची. सिस्टर म्हणाली, ‘पेशंट की डॉटर? आप बोलिए, पेशंट के पास कौन बैठेगा? ये अंकल बोलते हैं, हम फॅमिली है.’ चाचा मागून म्हणाले, ‘जुबेदा, बेटा, मी हाय ना इथे. तू काळजी करू नको. बाहेरच्या बाईना कशाला त्रास?’

मला एवढंच म्हणायचं होतं, की शमीमखालाला बसू द्या. पण त्यानंतर विचारलं जाणार होतं, का? ती कोण? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे मराठीत नव्हतं. म्हणजे शब्द होते, साधे होते, दोन वर्षांच्या पोराला येतात ते. पण ते शब्द चाचांच्या कानावर गेले की त्या भिंतीपलीकडून गावभर जाणार, मशिदीपुढच्या ओट्यावर जाणार, त्या बाकावरच्या मुलीपर्यंत जाणार. हिंदीत म्हटलं तरी चाचांना कळणार. शेजारी आसिफ उभा. माझं तोंड उघडं आणि आवाज नाही. सिस्टर म्हणाली, ‘हॅलो? आवाज आ रहा है?’

समोर उज्ज्वलाताई उभ्या होत्या. दोन्ही हात कणकेनं माखलेले, छातीशी धरलेले. त्या मोबाईलच्या मागे, मला दिसेल अशा येऊन थांबल्या आणि आवाज न काढता ओठ हलवू लागल्या. जीभ दातात धरून त्यांनी मला ‘थ’ दाखवला.

मी म्हणाले, ‘सिस्टर. द लेडी ऑन द स्टेप. शी इज माय मदर.’

सिस्टर थांबली. ‘अँड द पेशंट?’

‘दे बोथ आर.’

‘बोथ?’

‘येस, सिस्टर. बोथ.’

ती मास्कवरच्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिली. काय समजली, काय नाही, मला आजही माहीत नाही. म्हणाली, ‘ओके. शी विल सिट.’ मागून चाचा विचारत होते, ‘काय बोलली? काय बोलली ती?’ सिस्टर त्यांना म्हणाली, ‘बेटी ने बोल दिया, अंकल. आप बाहर बैठिए.’

फोन बंद झाला. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण आसिफला येत होतं. बंदरात दिवसभर त्याला तेच लागतं. त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि म्हणाला, ‘चल, घरी.’ घर तर वरच होतं, पण त्यानं मला गाडीत बसवलं. समुद्राच्या रस्त्यानं निघालो. मला खात्री होती की हा आता मला परत पाठवणार. त्याच्या आईला फोन करणार. माझ्या डोक्यात मी माझी बॅगसुद्धा भरली होती, कुठले कपडे न्यायचे ते ठरवत होते. एका बकाल्यापाशी, म्हणजे इथल्या किराण्याच्या दुकानापाशी, त्यानं गाडी थांबवली, आत जाऊन लबानची, म्हणजे ताकाची, थंड बाटली आणली. अर्धी प्यायला. उरलेली माझ्या हातात दिली. त्याला कपाची गोष्ट माहीत नव्हती. मी कधी सांगितलीच नव्हती.

‘लग्नाच्या टायमाला तू सख्खी खाला म्हणालीस,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘खोटा.’

‘हो.’

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, ‘आता मी तिना काय म्हणू?’

‘खालाच म्हणा.’

‘नाय. ती तुझी आई असेल तर माझी सासू झाली.’ त्यानं गाडी सुरू केली. ‘एक सासू झेपत नव्हती, तर दोन निघाल्या. माझा नशीब.’

मी हसले की रडले ते आता नीट आठवत नाही. एवढं आठवतं, की ज्या माणसाबद्दल मी मनातल्या मनात बॅग भरत होते, तो माणूस मला ओळखताच आला नव्हता. त्याचीही लाज वाटली. त्या दिवसात माझ्याकडे लाजेशिवाय दुसरं काही नव्हतंच, हवी तितकी घ्या.

अम्मा गेली. परवानगी निघायच्या आधीच. सलमा सांगते, शेवटी शमीमखालानं तिच्या डोक्याखाली स्वतःचा हात दिला होता आणि उशी काढून टाकली होती, उशी कडक आहे म्हणून. अम्माला पाणी पाहिजे होतं. सिस्टरनं चमचाभर दिलं. भांड्यात उरलं ते शमीमखाला प्यायली. हे सलमानं मला सहज सांगितलं, जसं मीही लहानपणी सहज बघत होते. मी तिला काही समजावलं नाही. तिच्या वेळेला ती समजेल, किंवा तिला समजून घ्यायची गरजच पडणार नाही.

शमीमखाला अजून त्याच घरात आहे. चाचांनी मधली भिंत पाडून आमची बाजूही आपल्यात घ्यायचं मनात आणलं होतं, इम्तू कतारहून आला आणि ते राहिलं. मी त्यानंतर गावी जाऊन आले. खालाच्या हातची सांदणं खाल्ली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. अंगणात चाचा बसले होते. त्यांनी मला विचारलं, ‘तेव्हा फोनवर तू त्या सिस्टरना काय बोललीस गो?’ मी म्हणाले, ‘काय नाय चाचा, इंग्रजीत बोलले काहीतरी.’ खाला तिथेच पीठ चाळत होती. तिनं मान वर केली नाही, चाळणी तेवढी थोडी जोरात हलली.

म्हणजे तेही वाक्य मी उसनंच बोलले. दुसऱ्याच्या मालिकेतलं, दुसऱ्याच्या भाषेतलं, दुसऱ्याच्या ओठांवरून उचललेलं. ज्या चाचांनी ऐकायला हवं होतं त्यांना ते कळणार नाही, याची खात्री होती म्हणूनच बोलले. लोक म्हणतील, काम तर झालं ना. झालं. पण जिच्यासाठी झालं तिनं ते अजून ऐकलेलं नाही. हे कागदावर मी मराठीत लिहिते आहे, पण शमीमखालाला वाचता येत नाही, आणि चाचा वाचणार नाहीत. लिहिणं मला बोलण्यापेक्षा नेहमीच सोपं गेलं आहे. मराठी पुस्तकंही मला उज्ज्वलाताईंनीच वाचायला दिली, त्यांच्या घरच्या कपाटातली, सुट्टीहून येताना बॅगेतून आणलेली.

त्या आता नाशकात असतात. सई परदेशी. फोनवर विचारतात, ‘बोथ म्हण बघू.’ मी म्हणते. मग म्हणतात, ‘आता मराठीत?’ आणि मी विषय बदलते. त्या बदलू देतात.

उज्ज्वलाताई, एकदा तुम्ही आमच्या गावी या. भरतीच्या वेळेला या, खाडी भरलेली असते, वास कमी येतो. तुम्हाला अंगणात खुर्ची टाकेन, खाला सांदणं करेल. चाचा भिंतीपलीकडे असतील, ते असतातच. त्या दिवशी मी शमीमखालाला अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या भाषेत आई म्हणून हाक मारेन. तुम्ही ओठ हलवायचे नाहीत. हात धुऊन नुसतं बसायचं आणि ऐकायचं. तुमचं माझ्यावर जे आहे ते मी असं फेडेन. कधी, ते अजून सांगता येत नाही. पण फेडेन.